प्रेषिताला प्रश्न कोणी विचारायचा? आरंभीच्या मॉर्मन नेत्यांची वादग्रस्त शिकवण आणि तिची चिकित्सा

१/ ७ जून १८४४ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील नॉवू या गावी ‘नॉवू एक्स्पोझिटर’ नावाच्या पत्राचा पहिला अंक प्रसिद्ध झाला. तोच त्याचा शेवटचा अंक. तीनच दिवसांत नगरपरिषदेच्या ठरावानुसार त्याचा छापखाना मोडून टाकण्यात आला. तसा हुकूम देणारा नगराध्यक्ष होता जोसेफ स्मिथ: मॉर्मन पंथाचा संस्थापक आणि अनुयायांच्या दृष्टीने ईश्वराचा जिवंत प्रेषित. पत्र काढणारे मात्र बाहेरचे शत्रू नव्हते. ते कालपर्यंत त्याच्याच मांडीला मांडी लावून बसणारे लोक होते.

२/ पार्श्वभूमी थोडक्यात. जोसेफ स्मिथचा जन्म १८०५ चा, व्हर्मांट राज्यातला. १८३० मध्ये त्याने ‘बुक ऑफ मॉर्मन’ प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला न्यूयॉर्क राज्यात आपल्या धर्मसंस्थेची स्थापना केली. ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे तिचे आजचे नाव. ओहायोतील कर्टलंड, मग मिसुरी, मग नॉवू असा या समाजाचा प्रवास झाला. १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्यातून हाकलावे, नाहीतर त्यांचा नायनाट करावा, असा आदेशच काढला होता. या लोकांचा छळ झाला, हे निर्विवाद आहे.

३/ या पंथाचा पाया एका कल्पनेवर उभा आहे. ईश्वराचे बोलणे बायबलपाशी थांबलेले नाही. तो आजही आपल्या प्रेषितामार्फत बोलतो. या कल्पनेचे बळ मोठे होते. गरीब शेतकरी, कारागीर, इंग्लंडमधले गिरणी कामगार तिच्यामुळे समुद्र ओलांडून आले. पण त्याच कल्पनेत एक पेचही दडलेला होता. प्रेषिताचा प्रत्येक शब्द ईश्वराचा मानला, तर प्रेषित चुकतो आहे असे वाटणाऱ्या श्रद्धावंताने करायचे काय?

४/ या थ्रेडमध्ये चार प्रकरणे आहेत: बहुपत्नीत्व, आदमविषयीचा सिद्धान्त, रक्ताचे प्रायश्चित्त आणि कृष्णवर्णीयांवरील निर्बंध. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी पाहायच्या आहेत. नेत्यांनी नेमके काय शिकवले, त्याच काळात त्यावर प्रश्न कोणी विचारला आणि पुढे त्या शिकवणीचे काय झाले. ‘त्या काळी सगळेच असे मानत’ हा युक्तिवाद कितपत टिकतो, ते त्यातून आपोआप दिसेल.

५/ प्रकरण पहिले: बहुपत्नीत्व. एकाहून अधिक स्त्रियांशी विवाह करण्यास अनुमती देणारा दैवी संदेश स्मिथने १२ जुलै १८४३ रोजी लिहवून घेतला. प्रत्यक्षात असे विवाह त्याआधीच गुप्तपणे सुरू झाले होते. त्याच वेळी पंथाच्या १८३५ सालच्या अधिकृत धर्मग्रंथात एक पुरुष, एक पत्नी असे स्पष्ट विधान छापलेले होते. ते विधान १८७६ पर्यंत तसेच राहिले आणि त्या वर्षीच्या आवृत्तीत ते काढून १८४३ चा संदेश घालण्यात आला.

६/ विल्यम लॉ हा स्मिथचा दुसरा सल्लागार, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च त्रिकुटातला माणूस. संदेशाचा कागद पाहिल्यावर तो हादरला. हे थांबवावे म्हणून त्याने स्मिथला परोपरीने विनवले. एप्रिल १८४४ मध्ये त्याला बहिष्कृत करण्यात आले. मग त्याने व त्याच्या साथीदारांनी ‘एक्स्पोझिटर’ काढले. त्यात लॉ, त्याची पत्नी जेन आणि ऑस्टिन कौल्स यांची प्रतिज्ञापत्रे होती. बहुपत्नीत्व, अनेक ईश्वरांचा सिद्धान्त आणि एकाच माणसाच्या हाती एकवटलेली धर्मसत्ता व राजसत्ता, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते.

७/ येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. लॉ आणि त्याचे साथीदार नास्तिक झाले नव्हते. मूळ शिकवण खरी असून नेता तिच्यापासून ढळला, असे त्यांचे म्हणणे होते. स्मिथने मात्र मे १८४४ मधील प्रवचनात अनेक पत्नी असल्याचा आरोप जाहीरपणे फेटाळला होता. छापखाना मोडल्याने प्रकरण चिघळले. स्मिथला अटक झाली आणि २७ जून रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याची व त्याचा भाऊ हायरम याची गोळ्या घालून हत्या केली. ही हत्या निखालस गुन्हा होती. पण हौतात्म्यामुळे लॉने विचारलेला प्रश्न पुढची कित्येक वर्षे झाकला गेला.

८/ आता प्रश्नाचे उत्तर. २०१४ मध्ये पंथाने स्वतःच्या अधिकृत निबंधात मान्य केले की स्मिथने बहुधा ३० ते ४० स्त्रियांशी असे विवाह केले होते. त्यांतल्या काही जणी आधीच विवाहित होत्या आणि सर्वांत लहान वधू हेलन मार किंबल हिला पंधरा वर्षे पूर्ण व्हायलाही काही महिने बाकी होते… म्हणजे ती चौदा वर्षांची होती. १८४४ मध्ये जे छापले म्हणून छापखाना फोडला गेला, त्याचा गाभा १७० वर्षांनी पंथाच्या स्वतःच्या लेखणीतून बाहेर आला.

९/ स्मिथनंतर ब्रिगहॅम यंगने बहुसंख्य अनुयायांना पश्चिमेकडे नेले. १८४७ मध्ये ते युटातील सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. २९ ऑगस्ट १८५२ रोजी तेथे बहुपत्नीत्वाची प्रथमच जाहीर घोषणा झाली. ती करणारा वक्ता होता ऑर्सन प्रॅट. हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे दोनदा येणार आहे. स्मिथची पत्नी एमा मात्र पश्चिमेला गेलीच नाही. तिचा मुलगा जोसेफ स्मिथ तिसरा १८६० मध्ये एका वेगळ्या शाखेचा प्रमुख झाला. त्या शाखेने बहुपत्नीत्व नाकारले आणि आपल्या पित्याने ते कधी आचरले होते, हेही मुलाने नाकारले.

१०/ या घोषणेचे पडसाद महाराष्ट्रापर्यंत आले होते. १८५२ मध्येच ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याच्या लष्करी छावणीतही त्याने प्रचार केला. हाती लागले ते मोजके अनुयायी, तेही बहुतांशी युरोपीय. बहुपत्नीत्वाची बातमी येऊन थडकल्यावर या प्रचारकांचे काम आणखीच अवघड झाले आणि काही वर्षांतच हा प्रयत्न आटोपला.

११/ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये ‘रेनॉल्ड्स’ खटल्यात निकाल दिला की श्रद्धा बाळगण्याचे स्वातंत्र्य अबाधित आहे, पण श्रद्धेच्या नावाखालील आचरणावर कायदा बंधन घालू शकतो. त्यासाठी न्यायालयाने दिलेल्या दृष्टान्तांपैकी एक होता सतीचा. त्याच निकालात बहुपत्नीत्वाला आशिया-आफ्रिकेतील लोकांची चाल म्हणून हिणवलेही आहे. कायदेशीर तत्त्व आणि वांशिक तुच्छता एकाच कागदावर कशी नांदतात, त्याचा हा नमुना. श्रद्धा व आचरण यांतला असाच भेद पुढे मुंबई उच्च न्यायालयाने हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायद्यासंबंधीच्या नरसू अप्पा माळी खटल्यात केला.

१२/ कायद्याचा फास आवळत गेला. १८८७ च्या कायद्याने पंथाची मालमत्ता जप्तीच्या कक्षेत आली. १८७० पासून युटातील स्त्रियांना असलेला मताधिकारही त्याच कायद्याने काढून घेतला. अखेर सप्टेंबर १८९० मध्ये पंथाध्यक्ष विल्फर्ड वुड्रफने बहुपत्नीत्व थांबवण्याचे जाहीरपत्रक काढले. १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. तरीही काही विवाह गुपचूप होतच राहिले, म्हणून १९०४ मध्ये दुसरे जाहीरपत्रक काढावे लागले. स्त्रियांचे मत एकसुरी नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. तीच हेलन मार किंबल प्रौढपणी बहुपत्नीत्वाच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहीत होती.

१३/ प्रकरण दुसरे: आदम हाच ईश्वर? ९ एप्रिल १८५२ रोजी यंगने प्रवचनात सांगितले की बायबलमधला आदिपुरुष आदम हाच आपला पिता आणि आपला ईश्वर होय. ज्यू-ख्रिस्ती परंपरेच्या चौकटीत हे विधान स्फोटक होते. यंग त्याचा पुनरुच्चार पुढची पंचवीस वर्षे करत राहिला.

१४/ त्याला विरोध केला ऑर्सन प्रॅटने. प्रॅट हा बारा प्रेषितशिष्यांच्या मंडळातला, गणित आणि खगोलशास्त्र यांचा व्यासंगी. त्याचा मुद्दा साधा होता. आदम मातीपासून घडवला गेला असे धर्मग्रंथ सांगतात; मग तोच निर्माता कसा? यंगची भूमिका अशी की लिखित ग्रंथापेक्षा जिवंत प्रेषिताचा शब्द वरचढ. वाद आदमाच्या नावाने चालला होता, पण खरा कळीचा मुद्दा ग्रंथप्रामाण्य की व्यक्तिप्रामाण्य हाच होता.

१५/ जानेवारी १८६० मध्ये सहकाऱ्यांनी प्रॅटला घेरले. त्याने जाहीर सभेत नमते घेतले. मनातून तो बदलला नाही. १८६५ मध्ये त्याच्या काही लेखनाचा जाहीर निषेध करण्यात आला. १८७५ मध्ये यंगने मंडळातील ज्येष्ठताक्रम बदलला. १८४२ मध्ये प्रॅट काही महिने बहिष्कृत होता, हे कारण तेहतीस वर्षांनी पुढे आले आणि तो खालच्या क्रमांकावर गेला. १८७७ मध्ये यंग वारला तेव्हा नेतृत्व जॉन टेलरकडे गेले. ज्येष्ठतेच्या जुन्या क्रमाने टेलरच्या पुढे असलेल्या प्रॅटची संधी हुकली होती.

१६/ आणि सिद्धान्ताचे काय झाले? ऑक्टोबर १९७६ मध्ये पंथाध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी ‘आदम-ईश्वर’ मत खोटी शिकवण म्हणून नाकारले. १९८१ मध्ये ज्येष्ठ नेते ब्रूस मॅकॉन्की यांनी एका प्राध्यापकाला पाठवलेल्या पत्रात कबूल केले की यंगने हे मत खरोखर मांडले होते आणि ते चुकीचे होते. म्हणजे शंभरेक वर्षांनी पंथ प्रॅटच्या बाजूला येऊन उभा राहिला. प्रॅटची ज्येष्ठता मात्र त्याला कोणी परत दिली नाही.

१७/ प्रकरण तिसरे: रक्ताचे प्रायश्चित्त. १८५६-५७ मध्ये युटात ‘धर्मसुधारणे’ची लाट आली. घरोघरी जाऊन लोकांच्या पापांची झडती घेतली जाऊ लागली. यंग आणि जेडेडाया ग्रँट यांनी व्यासपीठावरून सांगितले की काही पापे इतकी घोर असतात की त्यांना ख्रिस्ताचे बलिदानही पुरत नाही; पाप्याचे स्वतःचे रक्त सांडावे लागते. ही केवळ भीती घालणारी भाषा होती की तिचे प्रत्यक्षात आचरण झाले, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. १८८९ मध्ये पंथाच्या नेतृत्वाने असे काही शिकवले जात असल्याचा अधिकृत इन्कार केला.

१८/ भाषेची जबाबदारी किती, हा प्रश्न माउंटन मेडोज येथे रक्ताने माखून उभा राहतो. ११ सप्टेंबर १८५७ रोजी दक्षिण युटात आर्कान्सॉहून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या तांड्यातील सुमारे १२० माणसांची कत्तल झाली. सुरक्षित नेतो असे वचन देऊन त्यांना शस्त्रे खाली ठेवायला लावले होते. १७ लहान मुले तेवढी वाचली. त्या वेळी केंद्र सरकारचे सैन्य युटावर चालून येत होते आणि वातावरण युद्धाचे होते. स्थानिक मॉर्मन लष्करी तुकडीने काही पायूट आदिवासींना सोबत घेऊन हे कृत्य केले. दोष मात्र दीर्घकाळ पायूटांच्याच माथी मारला गेला.

१९/ शिक्षा झाली एकालाच, जॉन ली याला. १८७७ मध्ये त्याला त्याच जागी गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. पुढे १९५० मध्ये ज्वॅनिटा ब्रूक्स या दक्षिण युटातील शिक्षिकेने या हत्याकांडाचा सविस्तर इतिहास प्रसिद्ध केला. त्या स्वतः श्रद्धाळू मॉर्मन होत्या. यंगने कत्तलीचा हुकूम दिल्याचा पुरावा सापडत नाही, पण त्याच्या आणि इतर नेत्यांच्या प्रवचनांनी ज्या वातावरणाला खतपाणी घातले त्याची जबाबदारी त्यांना टाळता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांना जवळच्यांचा दुरावा सोसावा लागला, पण त्यांनी ना पंथ सोडला, ना पुस्तक मागे घेतले. ११ सप्टेंबर २००७ रोजी, दीडशे वर्षांनी, पंथाने त्या जागी अधिकृत खेद व्यक्त केला.

२०/ प्रकरण चौथे आणि सर्वांत दीर्घ. १८३६ मध्ये कर्टलंड येथे इलायजा एबल या कृष्णवर्णीय सुताराला पंथाचे पुरोहितपद मिळाले. मॅसॅच्युसेट्समधील वॉकर लुइस हा दुसरा कृष्णवर्णीय पुरोहित. मार्च १८४७ मध्ये खुद्द ब्रिगहॅम यंगने लुइसचा उल्लेख उत्तम पुरोहितांपैकी एक असा केल्याची नोंद आहे. म्हणजे तोवर वर्णावरून बंदी नव्हती.

२१/ पाच वर्षांत चित्र पालटले. १८५२ च्या आरंभी युटाच्या प्रांतिक कायदेमंडळात कृष्णवर्णीयांच्या दास्याला मान्यता देणारे विधेयक आले. यंगने त्याची बाजू घेतली. ५ फेब्रुवारीच्या भाषणात त्याने कृष्णवर्णीय हे केनच्या शापाचे वारस असल्याचे सांगून त्यांना पुरोहितपद नाकारले. आपल्याआधी कोणत्याही प्रेषिताने हे म्हटले नसेल तरी आपण ते म्हणत आहोत, असाही त्याचा सूर होता. या निर्णयामागे कोणताही लिखित दैवी संदेश आढळत नाही.

२२/ ‘त्या काळी सगळेच असे मानत’ हा युक्तिवाद येथे कोसळतो. कारण त्याच सभागृहात ऑर्सन प्रॅट उभा होता. त्याने दास्याच्या विधेयकाला कडाडून विरोध केला आणि कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचीही बाजू घेतली. त्याचे भाषण जॉर्ज वॉट याने लघुलिपीत टिपून ठेवले होते. ती लघुलिपी वाचणारे कोणी नसल्याने ते दीडशेहून अधिक वर्षे कागदांत पडून राहिले. लजीन परसेल कॅरूथ यांनी ते वाचून काढले आणि २०२४ मध्ये तो सगळा वाद पुस्तकरूपाने वाचकांसमोर आला. पर्यायी मत त्या खोलीत होते, ऐकले गेले होते आणि नाकारले गेले होते.

२३/ पुढचा टप्पा स्मृतीचा. १८७९ मध्ये टेलरने चौकशी केली: ही बंदी स्मिथच्या काळापासूनची आहे का? झेबेडी कोल्ट्रिन नावाच्या वृद्धाने सांगितले की १८३४ मध्येच स्मिथने आपल्याला तसे बजावले होते. पण १८३६ मध्ये एबलला ‘सत्तरां’च्या मंडळात दीक्षा देणारा कोल्ट्रिनच होता! जोसेफ एफ. स्मिथ, म्हणजे संस्थापकाचा पुतण्या, थेट एबलकडे गेला. एबलने आपली प्रमाणपत्रे दाखवली. पुतण्याने तेव्हा एबलच्या बाजूने साक्ष दिली. मात्र १९०८ मध्ये, स्वतः पंथाध्यक्ष असताना, त्यानेच सांगितले की एबलची दीक्षा संस्थापकाने रद्द ठरवली होती.

२४/ एबल १८८४ च्या डिसेंबरात वारला, तोही धर्मप्रचाराच्या दौऱ्यावरून परतल्यावर. त्याला मंदिरातील सर्वोच्च विधी नाकारले गेले. पुरोहितपद मात्र अखेरपर्यंत त्याच्याकडे होते. त्याच डिसेंबरात जेन मॅनिंग जेम्स या कृष्णवर्णीय स्त्रीने याच विधींसाठी टेलरला विनंती केली. १८४३ मध्ये नावेत जागा नाकारली गेल्यावर ती आपल्या कुटुंबासह शेकडो मैल चालत नॉवूला पोहोचली होती आणि संस्थापकाच्या घरी कामाला राहिली होती. ती वर्षानुवर्षे विचारत राहिली. १८९४ मध्ये तिला मिळाले ते एवढेच: संस्थापकाची चिरंतन ‘सेविका’ म्हणून विधी. तोही तिच्या जागी दुसऱ्या स्त्रीला उभे करून, कारण त्या विधीसाठी तिला मंदिरात प्रवेश नव्हता. १९०८ मध्ये ती वारली.

२५/ प्रश्न थांबले नाहीत. १९४७ मध्ये समाजशास्त्रज्ञ लॉरी नेल्सन यांनी नेतृत्वाला पत्र लिहून या भेदभावावर आक्षेप घेतला. स्मिथच्या काळापासून हीच शिकवण आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. १९७३ मध्ये लेस्टर बुश या डॉक्टरने ‘डायलॉग’ या नियतकालिकात दीर्घ लेख लिहून कागदपत्रांनिशी दाखवले की बंदीचे मूळ स्मिथमध्ये नाही, यंगमध्ये सापडते. जून १९७८ मध्ये नव्या साक्षात्काराची घोषणा करून बंदी उठवण्यात आली. त्यानंतर दोनच महिन्यांनी मॅकॉन्की यांनी अनुयायांना सांगितले की या विषयावर यंगने आणि आपण स्वतः पूर्वी जे बोललो ते विसरून जावे. २०१३ मध्ये पंथाने शापाचे ते जुने सिद्धान्त अधिकृतरीत्या नाकारले.

२६/ या चार प्रकरणांत एक धागा समान दिसतो. प्रश्न विचारणारे बहुतेक जण पंथाच्या आतले होते. लॉ सल्लागार होता, प्रॅट प्रेषितशिष्य होता, जेन घरात राबणारी भक्त होती, ब्रूक्स आणि बुश श्रद्धाळू अभ्यासक होते. बदल झाला तेव्हा मात्र त्याचे श्रेय त्यांच्या प्रश्नांना मिळाले नाही. जिवंत प्रेषिताला नवा संदेश मिळाला, असेच त्याचे वर्णन झाले. जी कल्पना प्रश्नांची वाट अडवत होती, तीच परतीची वाटही देत होती. पण त्या वाटेने वळायला लागलेल्या काळाची किंमत एबल आणि जेन यांनी मोजली.

२७/ अभ्यासकांसाठी तीन गोष्टी. पहिली: प्रवचनाचा छापील मजकूर म्हणजे उच्चारलेला शब्द नव्हे. यंग व इतरांची प्रवचने ‘जर्नल ऑफ डिस्कोर्सेस’च्या २६ खंडांत छापली गेली, पण मूळ लघुलिपीशी ताडल्यावर संपादकांनी केलेले फेरफार दिसतात. दुसरी: समकालीन नोंद आणि चाळीस वर्षांनंतरची आठवण यांचे वजन सारखे नसते, कोल्ट्रिनची साक्ष आठवावी. तिसरी: विरोधकाचा कागद विरोधकाचा आहे म्हणून टाकून देऊ नये आणि पंथाचा कागद पंथाचा आहे म्हणून गिळू नये. ‘एक्स्पोझिटर’ सूडबुद्धीने लिहिले गेले असेल. त्यातली मुख्य माहिती तरी खरी निघाली.

२८/ एक सावधगिरीही हवी. आज या पंथाचे सदस्य जगभर एक कोटी सत्तर लाखांहून अधिक आहेत. १८५२ मधल्या प्रवचनावरून आजच्या एखाद्या सदस्याला जाब विचारणे हा इतिहास नव्हे. तसेच, हे सारे दूरच्या अमेरिकेतले म्हणून मजेने वाचून सोडून देण्यातही अर्थ नाही. पूज्य व्यक्तीच्या चुकीवर बोट ठेवणाऱ्याला आधी गप्प करायचे, मग विसरायचे आणि शतकानंतर त्याचेच म्हणणे आपले म्हणून स्वीकारायचे, ही रीत कोणत्याही एका पंथाची मक्तेदारी नाही. ज्याला आपण पूज्य मानतो त्याच्याविषयीचा अवघड कागद समोर आला की तो कागद आधी वाचायचा, की आधी मोडायचा, हा निर्णय प्रत्येक समाजाला कधी ना कधी घ्यावाच लागतो.

लेखनसीमा.

#इतिहास #धर्मेतिहास #अमेरिकेचा_इतिहास #मराठी_थ्रेड